खळवाडीतला खांब

प्रदर्शन-मैदानाच्या फाटकाशी आता संगमरवरी पाटी बसवली आहे. तिच्यावर मैदानाचा इतिहास आणि तेथील सोयी असा दोन भागांत मजकूर कोरला आहे. सोयींचा भाग मोठा आहे. झाकलेली दालने, मोटारी उभ्या करण्याची जागा, पिण्याचे पाणी, उपाहारगृह, महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, सगळे त्यात आले आहे. इतिहासाचा भाग लहान आहे आणि त्याचे पहिलेच वाक्य सांगते की, पूर्वी येथे ओसाड माळ होता.

नातसुनेबरोबर मी तेथे घरगुती यंत्रांचे प्रदर्शन पाहायला गेले होते. चष्मा पुसून मी ते वाक्य पुन्हा वाचले. ती म्हणाली, "आजी, आत चला, ऊन आहे." मी आत गेले, यंत्रे पाहिली, परत आले. त्या वाक्याला तेथल्या तेथे काही बोलणे मला जमले नाही. तसे ते मला कधीच जमलेले नाही. म्हणून हे लिहीत आहे. लिहिण्याचा सराव नाही आणि सराव करण्याचे वयही उरलेले नाही, तेव्हा मांडणीत उणे राहील. मजकुराविषयी मात्र मला शंका नाही.

माळ ओसाड नव्हता. ती आमच्या गावाची खळवाडी होती.

खळवाडी म्हणजे साऱ्या गावाची मळणी जेथे होते ती जागा. इतर गावांत ज्याचे खळे त्याच्या शेतात असते. आमच्या गावाची शेते नदीकडची, काळी, उन्हाने भेगाळणारी. त्या मातीत खळे धरत नसे, आणि धरले तरी धान्यात मातीची कचकच येई. म्हणून मुंबई-पुण्याच्या रस्त्याकडचा मुरमाड माळ गावाने पिढ्यानपिढ्या मळणीसाठी राखला होता आणि त्याच्या मधोमध एकच मोठे खळे होते. कागदोपत्री ती जागा सरकारची होती. गावाला त्या कागदाची कधी गरज पडली नव्हती.

मी त्या गावी सून म्हणून आले ते पन्नासच्या दशकाच्या आरंभी. वडील तालुक्याच्या गावी हेडमास्तर होते. आई लवकर गेली, आणि मुलीला गुंतवून ठेवायचे कशात, या विचाराने त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवले. सासरच्या घरात वाचता येणारी बाई मी एकटीच. त्याचा मला अभिमान वाटण्याऐवजी संकोचच वाटे. मी ओसरीवर आले की बोलणाऱ्यांचे आवाज खाली येत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला मात्र आठवणीने बोलावीत.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला खळे करायला नेले. आधी जुनी कड तासून काढायची, मग पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी बैल फिरवायचे, मग बायकापुरुषांनी ओळीने उभे राहून लाकडी चोपण्यांनी जमीन चोपायची, आणि शेवटी शेणाने सारवून ती वाळू द्यायची. गावातले प्रत्येक घर त्यासाठी एक माणूस पाठवी. वाळलेल्या खळ्यावर पायताण घालून कोणी जात नसे. लहान मूल चुकून गेले तर आई त्याला तेथूनच उचलून आणी. मला ते सारे फार परके वाटले होते. पण पुढे आयुष्यात ज्या काही जागा मी सारवल्या त्यांपैकी कोणतीही मला तितकी आठवत नाही. तळहाताखाली जमीन अशी घट्ट आणि थंड लागे की, ती कोणीतरी घडवली आहे हे हाताला कळे.

खळ्याच्या मध्यभागी एक खड्डा होता. त्यात मळणीच्या वेळी लाकडी खांब रोवीत. त्याला तिवडा म्हणतात. बैल त्याला बांधून त्याच्याभोवती फिरवायचे. ते कणसे तुडवतात आणि दाणे सुटतात. खळे एक आणि घरे अनेक, म्हणून पाळी लागे, आणि पाळीचा नियम तिवड्याने ठरे. ज्याच्या नावाने तिवडा रोवला त्याचे खळे. त्याने आपल्या हाताने तो काढून घेतला की पुढच्याची पाळी. दुसऱ्याचा तिवडा उपटणे म्हणजे माणसाला भरल्या ताटावरून उठवणे. कोण्या एके काळी तसे कोणी केले होते आणि डोकी फुटली होती. तेव्हापासून तिवडा रोवण्याचा मान एका घराकडे देण्यात आला, म्हणजे भांडणाला वाव राहू नये. ते घर आमचे. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणे आणि गाव आबा म्हणे, ते प्रत्येकाचा तिवडा स्वतः रोवीत. खड्ड्यात मूठभर धान्य टाकायचे, हळदकुंकू वाहायचे, नारळ वाढवायचा आणि मोठ्याने सांगायचे की ही मळणी अमक्याची. काढायचा मात्र ज्याचा त्याने. त्यात त्यांचाही हात लागत नसे.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण पुढे येईल.

पिंपरीच्या बाजूला त्या सुमारास कारखान्यांची कुंपणे पडू लागली होती. माझे यजमान दापोडीला एका कारखान्यात लागले होते आणि सायकलने जात-येत. एके दिवशी दुपारी खळवाडीवर एक जीप येऊन थांबली. तिच्यातून उतरलेले गृहस्थ शेती आणि उद्योग यांचे एक मोठे प्रदर्शन भरवणाऱ्या समितीचे चिटणीस होते. पुण्याचे, गोरे, अतिशय सभ्य. त्यांनी खळ्यावर बुटाची टाच आपटून पाहिली. टाच उमटली नाही. ते इतके खूश झाले की सोबतच्या माणसालाही त्यांनी टाच आपटून पाहायला लावली. रस्त्याला लागून इतकी सपाट, इतकी टणक जागा त्यांना कोठेच सापडली नव्हती. ती इतकी टणक कशी झाली हे त्यांनी विचारले नाही. जमीन ही बहुधा आपोआप टणक होते असे त्यांना वाटत असावे.

चावडीत बैठक झाली. चिटणीसांनी सांगितले की, संक्रांतीनंतर प्रदर्शन भरेल आणि ज्वारी खळ्यावर येण्याआधी जागा मोकळी करून दिली जाईल. गावासाठी नळ येईल, आणि तो कायमचा राहील. मामंजींनी एकच अट घातली होती, खळ्यावर पायताण नको. चिटणीस हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले की, हजारो माणसे येणार, आजोबा, त्यांच्या चपला कोण सांभाळणार. मामंजींनी थोडा विचार केला आणि अट मागे घेतली. घरी आल्यावर सासूबाईंना एवढेच म्हणाले की, पाहुण्याला उंबऱ्यावर अडवायचं नसतं.

प्रदर्शनाच्या मधोमध झेंड्यासाठी उंच खांब हवा होता. त्याच्यापासून चारी दिशांना दिव्यांच्या माळा जायच्या होत्या. कंत्राटदाराची माणसे खळ्यात, तिवड्याच्या खड्ड्यापासून थोड्या अंतरावर, नवा खड्डा घेऊ लागली. मामंजी तेथेच उभे होते. एका खळ्यात दोन खड्डे त्यांना पाहवेनात. त्यांनी पहार थांबवायला सांगितली आणि तिवड्याची जागा दाखवली. आणि त्या जागी विधीवाचून आजवर काही रोवले गेले नव्हते म्हणून त्यांनी घरून हळदकुंकू आणि नारळ मागवला, मूठभर ज्वारी खड्ड्यात टाकली आणि पाच-सहा माणसांनी खांब उभा केल्यावर त्याला हात लावून मोठ्याने सांगितले, "ही मळणी परदर्शनवाल्यांची." चिटणीसांनी टाळ्या वाजवल्या. छायाचित्रकाराने मामंजींचे छायाचित्र घेतले. गावकऱ्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना कळले होते की खळ्याची पाळी कोणाला दिली गेली.

मलाही कळले. मामंजींपुढे मी सहसा बोलत नसे. जेवण वाढताना ताटाकडे पाहूनच बोलायची सवय होती. त्या संध्याकाळी भाकरी वाढताना मी म्हणाले, "मामंजी, त्या लोकांना तिवडा ठाऊक नाही. त्यांच्या दृष्टीने तो नुसता खांब आहे."

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले, "त्यांना ठावं नसंना. मला ठावं हाय न्हवं?"

मी भाकरी वाढली.

त्यांनी असे का केले यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. भोळेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि माझे यजमान ते तसेच सोडून देत. मला वाटते की, सरकार, कारखाने, पुण्याची माणसे यांच्याकडे पाहायला मामंजींपाशी दुसरी काही रीतच नव्हती. कोणीतरी खळे मागायला आले होते. खळे मागणारा गावातलाच एक होतो, त्याला पाळी मिळते, तो रास उचलतो आणि जागा मोकळी करतो. त्यांनी त्या लोकांना परके ठेवले नाही, रांगेत उभे केले. इतका मोठा मान त्यांना दुसऱ्या कोणी दिला नसेल, आणि इतका वाया गेलेला मानही मी दुसरा पाहिला नाही.

प्रदर्शन चांगले झाले. हे मी मन मोकळे ठेवून लिहिते. बांबूच्या तट्ट्यांची आणि पत्र्याची दालने उभी राहिली, कर्णे वाजू लागले, डायनामोवर दिवे लागले. आमच्या गावाने विजेचा दिवा पहिल्यांदा खळवाडीवर पाहिला. तंबूंच्या मेखा सारवलेल्या खळ्यात सगळीकडे ठोकल्या होत्या, पण दिव्यांच्या उजेडात त्या दिसत नव्हत्या. मळणीचे यंत्रही आले होते. ते चालवून दाखवायला कणसे लागत, ती गावानेच लवकर पिकलेल्या रानांतून गाड्या भरून दिली. मामंजी रोज जाऊन ते यंत्र पाहत उभे राहत. एकदा घरी येऊन म्हणाले, लई भारी हाय. गावाला ते कधी मिळेल असे त्यांनी तेथल्या माणसाला विचारले होते. हे दाखवायचे यंत्र आहे, द्यायचे नाही, असे उत्तर मिळाले.

मला चिटणीसांनी आदर्श घराच्या दालनात उभे केले. गावात शिकलेली सून आहे हे त्यांनी ऐकले होते. यजमानांना ते भूषण वाटले, सासूबाईंना मुळीच वाटले नाही, आणि मला तर विचारलेच नव्हते. माझे काम असे की, धूर न होणारी मातीची चूल आसपासच्या बायकांना समजावून सांगायची. चूल खरोखरच चांगली होती. मी चार वाक्ये पाठ केली होती आणि ती मातीकडे पाहत म्हणत असे. एकदा पिंपळे गुरवाकडची एक म्हातारी माझे बोलणे संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या घरात हाय का ही?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग आमाला कशाला सांगताय?" आणि हसत पुढे गेली. पुढच्या बाईला मी तीच चार वाक्ये सांगितली.

पुरुषांसाठी पत्र्याच्या आडोशाच्या मुताऱ्या केल्या होत्या. बायकांसाठी काहीच नव्हते. प्रदर्शन पाहायला बायका येतील हे ठरवणाऱ्यांनी धरले होते, त्यांचे दालनही केले होते, पण त्या दिवसभर तेथे राहतील हे कोणाच्या मनात आले नव्हते. मी सकाळपासून पाणी पीत नसे. आदर्श घराच्या दारात उभी राहून मी कोरड्या घशाने आरोग्याविषयीचे एक वाक्यही म्हणत असे. ते त्या चारांतलेच होते.

मग प्रदर्शन संपले. तट्टे गेले, पत्रे गेले, डायनामो गेला. नळ राहिला, पण त्याला पाणी देणारी टाकी नेली होती. आणि खांब राहिला. झेंडा काढला होता, दिव्यांच्या तारा काढल्या होत्या, खांब मात्र मामंजींनी रोवला तेथेच उभा होता.

ज्वारी काढणीला आली. गावाने खळे पुन्हा चोपायचे तर आधी खांब निघायला हवा होता, आणि तो ज्याचा त्याने काढायला हवा होता. लोक मामंजींच्या तोंडाकडे पाहू लागले. पाणवठ्यावर बायका मला विचारत, "काय गं, तुमच्या सरकारची रास अजून उचलली न्हाई व्हय?" दुसरी म्हणे, "लई पिकलंय त्यांचं, मळणी सरंना." मी घागर भरून निघे. हसण्यावारी नेता आले असते, पण चावडीतही तेच चालले होते आणि तेथे कोणी हसत नव्हते. एकाने सरळ सुचवले की, आबा, दोन बैल जुंपतो, दोर लावतो, घटकेत उपटून देतो. मामंजी म्हणाले, "उपट. मग उद्या तुझा तिवडा कुणी उपटला तर माझ्याकडं यायचं न्हाई." त्यालाही हे मान्य होते, हीच खरी अडचण होती. सारे चिडले होते आणि सारेच नियम पाळत होते.

मामंजी यजमानांना बरोबर घेऊन पुण्याला चिटणीसांकडे गेले. काय झाले ते यजमानांनी परत आल्यावर सांगितले. चिटणीसांनी चहा दिला, छायाचित्राची प्रत दिली. खांबाचे ऐकल्यावर ते म्हणाले की, राहू द्या ना, कोणाला त्रास आहे त्याचा. यजमानांनी तिवड्याचा नियम समजावून सांगितला. चिटणीसांनी तो मन लावून ऐकला, फार सुंदर प्रथा आहे असे म्हणाले, आणि मग म्हणाले, "मग तुम्हीच काढून टाका, आजोबा. आमची परवानगी आहे."

मामंजी म्हणाले, "परवानगी नगं. तुमचा माणूस पाठवा. हात तुमचा लागाय पायजे."

माणूस पाठवतो, असे चिटणीसांनी कबूल केले. घरी सांगताना यजमानांचा राग चिटणीसांवर नव्हता, वडिलांवर होता. ते मला म्हणाले की, आबांना खळे नको आहे, त्यांना आपले खरे करायचे आहे. कारखान्यात आठ तासांची शिफ्ट करून आलेल्या माणसाला हे असे दिसणे स्वाभाविक असेल. पण खळ्यावाचून आबांचे खरे असे वेगळे काही उरत नव्हते, हे त्यांना कळले नाही. मला कळले होते. माझ्या कळण्याचा कोणाला उपयोग नव्हता.

माणूस आला नाही. एका माणसाने येऊन हात लावायचा, बाकी गावाने पाहिले असते; एका सकाळचे काम होते. त्यात कपट होते असे मी म्हणत नाही. कपट असते तर निदान कोणीतरी आमचा विचार केला असे झाले असते. ते विसरले, एवढेच.

त्या वर्षी गावाने आपापल्या शेतात, काळ्या मातीत, कशीबशी खळी केली. भेगांत दाणे गेले. धान्यात खडे आले. पावसाळ्यात खळवाडीवर गवत उगवले. पुढे मोजणीला आलेल्या कारकुनाने रस्त्यावर उभे राहून विचारले की, या जागेचा गावाला काही वापर आहे का? तेथे दोघे-तिघे होते. त्यांनी खांबाकडे पाहिले आणि खरे ते सांगितले, "सध्या तरी न्हाई." जागा ओसाड आहे असे लिहिणाऱ्याने त्यामुळे खोटे लिहिले नाही. तो खांब आमचा नव्हता, म्हणून आम्हीच ती ओसाड ठेवली होती.

दुसऱ्या वर्षी प्रदर्शन पुन्हा भरले, या खेपेस चावडीत कोणी विचारायला आले नाही. खांब उभाच होता, त्याला झेंडा लावला, तारा जोडल्या. मामंजींना त्यात अपमान वाटला नाही याचे मला आश्चर्य वाटले. ते म्हणाले, "पाळी त्यांचीच हाय अजून. काढलाच न्हाई तर इचारायचं काय?" तिसऱ्या वर्षी तारेचे कुंपण आले, लोखंडी फाटक आले, रस्त्यापासून फाटकापर्यंत डांबर पडले. टाकी पुन्हा बसवली आणि नळ कुंपणाच्या आत राहिला. गावातली एक-दोन माणसे तेथे कामाला लागली. फाटकावर खाकी कपड्यांत बसे तो आमच्याच भावकीतला होता, यजमानांच्या बरोबरीचा.

मामंजी वाट पाहत होते. ते बोलून दाखवीत नसत, पण रानातून येताना रोज रस्त्याकडची वाट धरीत आणि कुंपणाबाहेरून एकदा खांबाकडे पाहून घरी येत. आमचा तिवडा, घराचा, ओसरीच्या आढ्याला आडवा टांगलेला असे. दर वर्षी ज्वारी निसवली, कणसे बाहेर पडली की ते तो खाली घेत, तेल लावीत आणि परत टांगीत.

मग एक दिवस ते संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर आले आणि अंगणातूनच सासूबाईंना म्हणाले, "निघाला."

खांब काढला होता. त्यांनी स्वतः पाहिले होते, समितीच्याच माणसांनी, त्यांच्याच हातांनी. तो कुंपणाशी आडवा पडला होता. सासूबाईंनी विचारले की, खात्रीने का? ते म्हणाले, "त्यांनी काढला. खळं सुटलं."

घरात त्या संध्याकाळी जे वातावरण होते ते सणालाही मी पाहिले नव्हते. यजमान काहीतरी बोलू पाहत होते. कुंपण, फाटक असे शब्द त्यांच्या तोंडून आलेही. मामंजींनी ते ऐकले की नाही कोण जाणे. ज्वारीची कणसे खुडून रानात ढीग केलेला होता. सकाळी त्यांनी गाडी भरली, वर आमचा तिवडा ठेवला, बैलांच्या तोंडाला बांधायची मुसकी घेतली. सासूबाईंनी शेणाची पाटी आणि खराटा मला दिला. मी गाडीमागून चालत होते. शेजारच्या घरातली दोन माणसे चोपण्या खांद्यावर घेऊन मागे आली. त्यांनी काही विचारले नव्हते. आबांच्या गाडीवर तिवडा दिसला एवढे त्यांना पुरे होते.

फाटकाशी भावकीतला तो उठून उभा राहिला. "आबा, गाडी कुठं घिऊन चाललाय?"

"खळ्यावं. काल मोकळं झालं न्हवं."

तो गडबडला. म्हणाला, "आबा, आत काम चाललंय. गाडी आत सोडायची न्हाई मला."

"तुला न्हाई?" मामंजी म्हणाले. "तुझ्या बापाचा तिवडा मी रोवलाय."

"व्हय आबा," तो म्हणाला आणि खाली पाहू लागला. फाटक त्याने उघडले नाही. बैल उभे होते. डांबरावर नुकताच नवा थर दिला होता, त्याचा वास येत होता. मी पाटी खाली ठेवावी की धरून राहावी हे मला कळेना.

तेवढ्यात आतून चिटणीस आले. मामंजींना ओळखून त्यांना खरोखर आनंद झाला. ते म्हणाले, "आजोबा, बरे झाले आलात. निरोप धाडणारच होतो. पहिला खांब तुमच्या हातचा, आता याचाही नारळ तुम्हीच फोडा." त्यांनी फाटक उघडायला लावले. गाडीसाठी नाही, मामंजींसाठी. मामंजी वहाणा बाहेर काढून आत गेले. मी पाटी घेऊन मागे गेले, मला कोणी अडवले नाही.

तिवड्याचा खड्डा चौफेर रुंद केला होता. त्यात लोखंडी खांब उभा होता आणि भोवती मजूर घमेल्यांनी सिमेंट ओतत होते. सारवणाचा थर कडेने फुटून निघाला होता, शेणाचे आणि मुरमाचे थर एकावर एक, कितीतरी, भिंतीच्या पापुद्र्यांसारखे दिसत होते. कोणीतरी मामंजींच्या हातात नारळ दिला. त्यांनी तो घेतला, खड्ड्यात डोकावून पाहिले आणि विचारले, "ह्यो काढायचा कवा?"

चिटणीस हसले. "हा काढायचा नाही, आजोबा. सिमेंटात बसवलाय. तुमच्या नातवंडांपर्यंत हलायचा नाही."

मामंजींनी खांब शेंड्यापर्यंत पाहिला. मग म्हणाले, "मग ह्यो तिवडा न्हवं," आणि नारळ चिटणीसांच्या हातात ठेवून परत फिरले.

चिटणीसांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेली सून म्हणून मी याचा अर्थ सांगावा अशी त्यांची अपेक्षा दिसली. मी सांगितला नाही. संकोच होता हे खरे, पण त्या दिवशी तो एकटाच नव्हता.

बाहेर येऊन मामंजींनी वहाणा घातल्या. कुंपणाशी पडलेल्या जुन्या लाकडी खांबाशी ते थांबले आणि फाटकावरच्याला म्हणाले की, हा ज्याचा त्याला पोचवा, असा टाकू नये. तो व्हय म्हणाला. पुढे तो खांब उपाहारगृहात फोडून चहाच्या चुलाण्यात घातला, हे त्यानेच आम्हाला सांगितले. सांगताना त्याला काही वाईट वाटल्याचे दिसले नाही, आणि त्याने तरी काय करायचे होते?

भरलेली गाडी काळ्या मातीत परत न्यायची मामंजींची तयारी नव्हती. त्यांनी ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर नेली आणि कडेच्या डांबरावर कणसे पसरली. मागून आलेल्या दोघांनी हात लावला. मोटारी, ट्रक, लष्कराच्या गाड्या त्यांवरून गेल्या. प्रदर्शन त्या वर्षी उशिरा भरले, दोन-तीन दिवसांनी त्याच्या उद्घाटनाला जाणाऱ्या मोटारीही गेल्या. काही जणांनी काच खाली करून कौतुकाने पाहिले. दाणे सुटले. मी रस्त्याच्या कडेला बसून ते गोळा केले. शेणाची पाटी तशीच शेजारी ठेवलेली होती, तिचा काही उपयोग उरला नव्हता. पुढल्या सालापासून गाव तेथेच मळणी करू लागले. ते सोपे असल्याचे सर्वांना लवकरच पटले. पाळी नाही, तिवडा नाही, बैलही नकोत.

त्या ज्वारीच्या पिठाला डांबराचा वास होता आणि कितीही पाखडले तरी बारीक खडी राहत होती. मामंजी पूर्वी भाकरीत एक खडा लागला तर ताट सारून उठत, सासूबाई त्यांना घाबरून पीठ दोनदा चाळीत. त्या वर्षी मी भाकरी वाढी आणि ते खाली पाहून जेवत. खडा दाताखाली आल्याचा आवाज मला वाढताना ऐकू येई. ते थांबत, तो चावून गिळीत, आणि पुढचा घास घेत.